दाताला लावून पाहिलेला बेस

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी तिच्या बेस गिटारला दात लावला.

खोलीत तेव्हा गायिका आणि ड्रमवालाही होते, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. पहिलं गाणं रेकॉर्ड झालं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. डॉक्टरांनी स्वतःची गिटार स्टँडवर ठेवली, "द्या जरा" म्हणून बेसवालीच्या हातातला बेस काढून घेतला, मक्याच्या कणसासारखा आडवा तोंडाजवळ नेला, ओठ मागे ओढले आणि वरचा पुढचा दात मानेच्या टोकावरच्या पिवळट पट्टीच्या कडेवर दोनदा घासला. ही पट्टी बोटभर लांबीची. चारही तारा तिच्या खाचांतून पुढे जातात. वाजवणारे तिला नट म्हणतात.

"खरखर लागतेय," ते म्हणाले. "मोत्याची पारख अशीच करतात. अस्सल असलं की दाताला खरखरतं, नकली गुळगुळीत. हे हाड आहे. जुनं हाड. हस्तिदंत निघालं तरी मला नवल वाटणार नाही."

नटवर थुंकीची बारीक रेघ चमकत राहिली. बेसवालीने बेस परत घ्यायला हात पुढे केला. परक्या माणसाची थुंकी हे एक कारण. दुसरं असं, की तो नट कशाचा आहे हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

ती दात करते. चौदा वर्षं झाली. दवाखान्यांतून प्लास्टिकच्या डब्या येतात, डबीत कुणाच्या तरी तोंडाचा ठसा आणि सोबत चिठ्ठी: नंबर, वय, रंग, सूचना. ठशात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाचे दात घडवायचे, मेणाच्या जागी दाताच्या रंगाचं ॲक्रिलिक दाबायचं, घासायचं, चमकवायचं, डबी परत. माणूस दिसत नाही. डॉक्टरही दिसत नाहीत. लॅबची पायरी कधी कुठला डॉक्टर चढल्याचं तिला आठवत नाही. मोटरसायकलवाला डब्या आणतो आणि नेतो. शहरातली शेकडो तोंडं तिने आतून पाहिली आहेत, रस्त्यात एकही ओळखता येणार नाही.

बेस तिला मामाने दिला, अकरा वर्षांपूर्वी. मामा कपडे धुण्याची मशिन दुरुस्त करतो. पंखे आणि फ्रिज विकणाऱ्या दुकानात एका कोपऱ्यात खोकी रचलेली होती. एका खोक्यात बेस, छोटा स्पीकर, पट्टा, वायर आणि शिकायचं पुस्तक, सगळं एकत्र. मामाने ते स्कूटरवर पुढ्यात धरून आणलं. नटच्या पुढे, बेसच्या माथ्यावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. या नावाचे बेस एका आकाराचे, एका रंगाचे, कारखान्यातून लोंढ्याने बाहेर पडतात आणि वाजवणाऱ्यांच्या जगात ते नाव उच्चारलं की लोक हसू दाबतात.

तिने तो बेस हळूहळू माणसात आणला. मानेवरच्या धातूच्या पडद्यांची टोकं हाताला कापायची, ती लॅबमधल्या दगडांनी घासून गोल केली. मूळ नट पोकळ प्लास्टिकचा होता, तिसऱ्या वर्षी तडकला. तेव्हा तिने नवा केला, स्वतःच्या धंद्याच्या रीतीने.

लॅबमध्ये परत आलेल्या कामाचा एक डबा असतो. त्यातलं निम्मं एकाच दवाखान्याचं. त्या दिवशी वर पडला होता सहा दातांचा तात्पुरता ब्रिज, चौसष्ट वर्षांच्या सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी केलेला. त्याच्या उरलेल्या दातांशी जुळावं म्हणून तिने तीन वेगळे डाग मिसळून तो पिवळा-तपकिरी रंग साधला होता. ब्रिज तोंडात एकदा बसवून, काढून, न धुताच परत आला होता. फटींत वाळलेलं रक्त होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'फार पिवळा. जुनाट आणि नकली दिसतो. पुन्हा करा.'

तिने तो दोनदा जंतुनाशकात बुडवला, दळला, त्याच रंगाची नवी पावडर घालून भिजवला, प्लास्टरच्या साच्यात दाबून गरम पाण्यात पक्का केला आणि कानशीने खाचा पाडल्या. आठ वर्षं झाली, तारा जागेवरून हललेल्या नाहीत. डॉक्टरांच्या दाताला जी अस्सल खरखर लागली, ती त्या कानशीची होती.

बेसच्या माथ्यावर टेप आली ती नंतर.

एकदा ती वाद्यांच्या दुकानात तारा घ्यायला गेली होती. काउंटरवरच्या माणसाने बेसचा माथा दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसा. "शिकायला ठीक आहे हा," तो म्हणाला. "वाजवायचा कुठे आहे?" त्यानंतर एका बँडने तिला फोटोसाठी उभं करताना सांगितलं, "ताई, माथा जरा ड्रमच्या मागे जाईल असं धरा." त्या बँडमधले चौघंही तिच्यापेक्षा वाईट वाजवायचे. घरी आल्यावर तिने माथ्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, नावापेक्षा दोन बोटं जास्त.

"फरार आरोपी दिसतोय," धाकटी बहीण म्हणाली. "डोळ्यांवर पट्टी मारलेला. नाव विचारलं तर काय सांगणार? चौकशी सुरू आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, की वाजवताना तू त्या टेपकडेच बघत असतेस. सुटली का, सुटली का. कपाळावरचा फोड लपवणाऱ्या नवरीसारखी."

ते खरं होतं. टेप लावल्यापासून तिला दर दहा मिनिटांनी माथा चाचपायची सवय लागली होती.

डॉक्टरांच्या बँडला आठ महिने बेस वाजवणारं कुणी टिकलं नव्हतं. तिघं येऊन गेले. चार गाणी तयार होती, दोन रविवार स्टुडिओ ठरला होता. गाणी बांधलेली गायिकेची. ती शाळेत गणित शिकवते. ड्रमवाला पोहण्याच्या तलावावर कामाला. डॉक्टर धरून या तिघांनी बेसवालीला सांगितलं, तीन तालमी, पहिला रविवार, मग कायमचं ठरवू. तिला हे हवं होतं. इतकं, की लॅबमध्ये मेण तापवताना तिची बोटं टेबलाखाली तिसऱ्या गाण्यातली बेसची चाल वाजवायची. ती चाल तिने स्वतः बसवली होती. तिच्या नावाने कुठे काही रेकॉर्ड होण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या तालमीला डॉक्टरांनी आपल्या अकरा गिटारींपैकी दोन आणल्या. एखादी आत्या स्थळं सांगते तसे ते लाकडं सांगत: घराणं कुठलं, वाढलं कुठे, वय काय, सुकवलं कोणी. बाकीचे चहा पीत ऐकून घेत. मग त्यांची नजर टेपवर गेली.

"हे काय?"

"असंच."

"असंच कोणी करत नाही." ते जवळ आले, वाकले, लाकडाला नाक लावून हुंगलं. "ज्याला सांगायची गरज नसते, तो झाकतो. बघा रे, मी माझी नावं मिरवतो. यांनी झाकलंय."

तिने हसू दाबून बेसचा पट्टा सारखा केला.

"कुठून मिळाला?"

"मामाने दिला."

"वाजवायचे ते?"

"मामा फारसं बोलत नाही."

हेही खरं होतं. काम करताना मामाच्या तोंडात स्क्रू असतात.

दुसऱ्या तालमीला डॉक्टरांनी गाण्याचे सूर एका कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवले. कागद दवाखान्याचा होता. वरचं नाव वाचायच्या आधी तिने अक्षर ओळखलं. 'पुन्हा' मधला 'प' असा मोडका काढणारा माणूस तिने आठ-दहा वर्षं वाचला होता. शहरातला सर्वांत जास्त काम परत पाठवणारा दवाखाना तिच्या डाव्या हाताला बसून गिटारला तार लावत होता, आणि गुणगुणत होता.

तेव्हाच सांगता आलं असतं. तिने माथा चाचपला. टेप जागेवर होती.

तिसऱ्या तालमीपर्यंत मामा जहाजावर पोचला होता. "तुझे मामा बोटीवरच्या बँडमध्ये होते ना गं?" गायिकेने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर. म्हणाले, असे बेस तिकडच्या बंदरांतच मिळायचे, हातांनी केलेले."

बेसवाली तारा पुसत राहिली. घरी बहिणीला सांगितलं तेव्हा ती हसून पलंगावर पडली. "मामाला फोन लावू? पाण्याशी संबंध आहे म्हणा त्याचा. मशिनखाली साचतं ते."

"गप्प बस."

"गप्प तू बसलीयेस, ताई. मी कशाला बसू?"

एकही वाक्य ती खोटं बोलली नव्हती. याचाच तिला जास्त वीट आला होता. धडधडीत खोटं बोलली असती तर निदान कधीतरी पकडली गेली असती. आता ती डॉक्टरांच्या कौतुकात बसून होती, दुसऱ्याने वापरलेल्या कोमट पाण्यात बसावं तशी, आणि उठत नव्हती. कारण त्यांनी तिच्या वाजवण्याबद्दल चांगलं बोलायला सुरुवात केली होती. "हा ठेहराव बघा," ते ड्रमवाल्याला म्हणत. "जुन्या वाद्यावर हात आपोआप असा पडतो." ठेहराव तिचा होता. तो तिने खोक्यातल्या स्पीकरवर, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या शिव्या खात कमावला होता. पण तो ऐकू यायला डॉक्टरांना टेप लागली.

तर रविवार, अकरा वीस.

"तू करून बघ," डॉक्टर गायिकेला म्हणाले. बेस अजून त्यांच्याच हातात होता. "ये. दात हलकेच टेकव. हाड म्हणजे काय ते कळेल."

"काय पण, डॉक्टर!" गायिका हसली. पण उठली. तिने ओठांवरचा रंग मनगटाने पुसला, केस कानामागे घेतले आणि वाकली. तोंड उघडलं. बेसवालीला सवयीने दिसलं: हिरड्या उत्तम, वरचा डावा सुळा किंचित पुढे. त्या सुळ्यापासून चार बोटांवर डॉक्टरांची थुंकी अजून ओली होती.

"थांब," ती म्हणाली. "तोंड लावू नकोस त्याला."

"का गं?"

"दात आहे तो."

"कोणाचा?"

"चौसष्ट वर्षांच्या माणसाचा. सिगारेट ओढायचा. नाव नाही माहीत, नंबर माहीत आहे."

गायिका मागे सरकली. ड्रमवाल्याच्या काड्या हवेत थांबल्या. डॉक्टरांनी बेस छातीशी धरला.

"म्हणजे... माणसाचा दात?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. क्षणभरच, पण तो उजेड तिने पाहिला. मेलेल्या माणसाचा दात गिटारीवर, आणि तो आपण पारखला. ज्याला त्याला सांगत सुटायला किती छान. आता तिला थुंकीपेक्षा त्या चेहऱ्याची किळस आली.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या लॅबचा. मी दात करते, डॉक्टर. तुमच्या दवाखान्याचे पण मीच करते. सहा दातांचा ब्रिज होता, तुम्ही पेशंटच्या तोंडात घालून परत पाठवलात. चिठ्ठीवर लिहिलं होतंत, फार पिवळा, जुनाट आणि नकली दिसतो. मी तो दळून हा नट घडवला."

तिने पुढे होऊन बेस काढून घेतला, अंगठ्याच्या नखाने टेपचं टोक उचललं आणि एका ओढीत सोलून काढली. खाली सोनेरी नाव होतं, शेपटीसकट. टेपच्या गोंदाने त्याच्याभोवती काळा चिकट मळ धरला होता. तो बघून तिला नावापेक्षा त्या मळाची लाज वाटली.

ड्रमवाला आधी फुसकन हसला, मग त्याने काड्या तोंडावर धरल्या.

डॉक्टर बाथरूममध्ये गेले. पातळ भिंतीपलीकडून गुळण्यांचा आवाज येऊ लागला. खळखळ, थुंकणं, नळ, पुन्हा खळखळ. दिवसाला तीसेक लोकांना असंच खळखळून थुंकायला सांगणारा माणूस. चौघंही ऐकत बसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याने घड्याळ पाहिलं. गायिकेचा माइक उघडाच राहिला होता.

"आधी सांगायचं ना गं," गायिका हळूच म्हणाली.

"मी काय काम करते, कोणी विचारलं का? एक महिना झाला."

"मला वाटलं, तुम्ही पण शिक्षिका," ड्रमवाला म्हणाला.

डॉक्टर परत आले ते रुमालाने जीभ पुसतच. बसले नाहीत. "पहिलं गाणं लावा," त्यांनी रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं. "फक्त बेस."

बेस वाजू लागला. याच गाण्याला तासाभरापूर्वी ते डोळे मिटून 'लाकूड बोलतंय' म्हणाले होते. आताही डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात मान हलवली.

"आता ऐकू येतंय. प्लास्टिक. पोकळ आहे. मघाशी बाकीच्या वाद्यांत लपलं होतं."

"मघाशी पण तुम्ही एकटा बेसच ऐकलात," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "टेक तोच आहे."

"मला कळतं, काय ऐकलं ते."

"डॉक्टर," बेसवाली म्हणाली, "नटचा संबंध मोकळ्या तारेपुरता. बोटाने तार पडद्यावर दाबली की आवाजात नट उरतच नाही. या गाण्यात मी एकही मोकळी तार वाजवलेली नाही. एकही नाही. मोजून बघा."

रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून मान डोलावली. डॉक्टरांना हे माहीत नसणार असं नाही. अकरा गिटारींच्या मालकाला एवढं माहीत असतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मुद्दा तो नाहीच," ते म्हणाले. "मुद्दा विश्वासाचा आहे. तुम्ही महिनाभर आम्हाला फसवलंत."

टेप तिने लावली होती. जहाज डॉक्टरांनी आणलं होतं, पण ते धक्क्याला लागलं तेव्हा ती मुकाट उभी होती.

"बेस पुन्हा रेकॉर्ड करू," डॉक्टर इतरांना म्हणाले, जणू ती निघून गेली होती. "माझ्या ओळखीचा एक जण आहे. वाद्य चांगलं आहे त्याचं."

"वाजवतो कसा?" ड्रमवाल्याने विचारलं.

"सांगितलं ना, वाद्य चांगलं आहे."

बेसवालीने गायिकेकडे पाहिलं. गाणी गायिकेची होती. ती एक शब्द बोलली असती तर तिथेच निकाल लागला असता. गायिका मोबाइलच्या काचेवरचा एक डाग अंगठ्याने घासत होती. डाग निघाला तरी घासत राहिली. बेसवालीला तिचाही उबग आला, आणि लगेच स्वतःचा, कारण गेला महिनाभर तीही अशीच काहीतरी पुसत बसली होती. तिने फडक्याने नटवरची थुंकी पुसली, फडकं स्टुडिओच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, बेस पिशवीत घातला आणि बारा वाजायच्या आत बाहेर पडली.

सोमवारी तिने लॅबच्या मालकाला सगळं सांगितलं. तो क्राऊन घासत होता. मशिन बंद न करताच त्याने विचारलं, "दात लावला? कुठला?"

"वरचा पुढचा. डावा."

"कसा आहे?"

"झिजलाय. रात्री दात खात असणार."

मालक पोट धरून हसला. मग मशिन बंद करून गंभीर झाला. "निम्मं काम त्यांचं आहे गं आपल्याकडे. परत पाठवतात, शिव्या देतात, पण पाठवतात. त्यांनी दुसरी लॅब धरली तर टेबलावरची चार माणसं मी कशी ठेवू?" तिने मेणाची वाटी पुढे ओढली. पुढची डबी उघडली.

मंगळवारी त्या दवाखान्याच्या डब्या नेहमीसारख्या आल्या. बुधवारीही आल्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर डॉक्टरांचं नव्हतं, मोटरसायकलवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे मदतनीस बाईचं होतं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सूचनेच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी गायिकेचा निरोप आला: 'थांब जरा. बोलते.' ती बोललेली नाही. ड्रमवाल्याने फोन करून सांगितलं, की तो ओळखीचा माणूस तालमीला आला होता, वाद्य खरंच चांगलं आहे, आणि तिसऱ्या गाण्याची चाल त्याला जमली नाही. डॉक्टर म्हणाले, जमेल. गायिका काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही, हिनेही विचारलं नाही.

सोलून काढलेली टेप बेसच्या पिशवीत आली होती. बहिणीने ती फ्रिजच्या दाराला चिकटवली आणि खडूने वर 'सापडला' लिहिलं. आईने ती दोनदा काढून टाकली, बहिणीने दोनदा पुन्हा लावली.

गुरुवारी साडेपाचला रेकॉर्डिंगवाल्याला बेसवालीनेच फोन केला. पहिल्या गाण्यातल्या तिच्या बेसचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे, त्याने पुसलेलं नाही. पुसा असं त्याला कोणी सांगितलेलं नाही, ठेवा असंही नाही. त्याच तारखेखाली उघड्या माइकवर आलेली गुळण्यांची तीन मिनिटं चाळीस सेकंदही आहेत, ती त्याने आपल्या मनाने ठेवली आहेत. दुसऱ्या रविवारची सकाळी दहाची वेळ बँडच्या नावावर कायम आहे. बेस कोण वाजवणार, या रकान्यात त्याने अजून काही लिहिलेलं नाही.

नट तिने बदललेला नाही. साबणाने दोनदा धुतला आहे.